गजानें वाजविलेला पांवा

आपल्याकडील गवई मैफलीस बसला म्हणजे गातां गातांच रागाची मांडणी करीत असतो. बंदिश शंभर वर्षांपूर्वींची असली तरी त्या दिवसाचें गाणें त्या दिवशींच जन्मास येतें. युरोपांतील अभिजात संगीताची रीति याहून निराळी आहे. तेथें संगीत रचणारा एक आणि वाजविणारे दुसरे. रचणारा आपल्या खोलींत बसून एकेक स्वर लिहितो. तो किती वेळ टिकावा, किती जोरानें यावा, कोणत्या वाद्यांतून आणि कशा रीतीनें निघावा, हें सर्व पांच रेघांच्या कागदावर नोंदवितो. आणि तो कागद हातीं पडल्यावर हजारों मैलांवरील वादक, ज्यांनीं रचनाकाराचें तोंडही कधीं पाहिलेलें नसतें, तें संगीत पुन्हां उभें करतात. बाख आणि बेथोव्हेन यांच्या रचना आजही जगभर वाजतात त्या या लेखनाच्या बळावर. परंतु या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. जें लिहितां येतें तेंच पुढें जातें. डोंगरावर पांवा वाजविणाऱ्याच्या श्वासाचा खरखरीतपणा, मयताच्या घरीं आक्रोश करणाऱ्या बाईच्या गळ्यांतील कंप, हे कागदावर कसे उतरावयाचे? आणि ते उतरले नाहींत, तर ज्यांचें संगीत केवळ ओठांनीं आणि हातांनीं पिढ्यान् पिढ्या चालत आलें, त्यांना या लिखित संगीताच्या दरबारांत जागा कोठें?

हा प्रश्न जन्माचें काम म्हणून हातीं घेतलेल्या आजच्या रचनाकारांत गाब्रिएला लेना फ्रँक या अमेरिकन बाईंचें नांव अगत्यानें घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १९७२ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें झाला. वडील लिथुएनियन ज्यू वंशाचे अमेरिकन गृहस्थ. तरुणपणीं अमेरिकेच्या पीस कोअर या सेवादलांतून ते दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत गेले आणि तेथेंच फ्रँकबाईंच्या आईशीं त्यांची गांठ पडली. आई पेरूची; परंतु तिच्या घराण्यांत पेरूच्या रक्ताबरोबर चिनी रक्तही मिसळलेलें. यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. १८४९ पासून १८७४ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत सुमारें एक लाख चिनी मजूर करारानें बांधून पेरूंतील मळ्यांवर नेले गेले होते, आणि तेव्हांपासून त्या देशाच्या वस्त्रांत चिनी धागा कायमचा विणला गेला आहे. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांतून आलेल्या कुटुंबांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'लॅटिनो' असें म्हणतात. फ्रँकबाई या अर्थानें लॅटिनो आहेत. पण तेवढ्या एका शब्दांत मावतील अशा मात्र नाहींत.

या मुलीच्या वाट्यास जन्मतःच आणखी एक गोष्ट आली होती. तिला फारच थोडें ऐकूं येत असे. ही उणीव घरच्यांच्या लगेच लक्षांत आली नाहीं, कारण मूल पियानोपाशीं रमत होतें. शाळेंत जाण्याच्या वयांत ती ध्यानांत आली आणि श्रवणयंत्रें कानांस लागलीं. पियानोची पट्टी दाबली म्हणजे आंतील हातोडी तारेवर आपटते, तार थरथरते, आणि ती थरथर लाकडांतून, पट्टींतून वाजविणाऱ्याच्या बोटांत व मनगटांत येते. ज्याचे कान तीक्ष्ण आहेत त्याचें या थरथरीकडे लक्षही जात नाहीं. ज्याला कमी ऐकूं येतें त्याला मात्र ती संगीताची दुसरी वाट होते. फ्रँकबाईंनीं पुढें सांगितलें आहे कीं, रचना करीत असतां त्या पुष्कळदां श्रवणयंत्रें काढून ठेवतात आणि शांततेंत मनांतील स्वर शोधतात. २०२० सालीं बेथोव्हेनच्या जन्मास अडीचशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें लिहिलेल्या एका लेखांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, बेथोव्हेनच्या बधिरत्वाच्या खुणा त्याच्या संगीतांतच उमटलेल्या आहेत. बहिऱ्या माणसानें बहिरेपणा असूनही संगीत रचलें, असें म्हणण्याची जगाला संवय आहे. बहिरेपणामुळें तें संगीत तसें झालें, असें म्हणावयास स्वतःचा अनुभव लागतो.

टेक्सस प्रांतांतील ह्यूस्टन येथील राईस विद्यापीठांत त्यांनीं १९९४ सालीं पदवी आणि १९९६ सालीं एम्. ए. ही पदवी घेतली. नंतर मिशिगन विद्यापीठांतून २००१ सालीं संगीतरचनेंतील डॉक्टरेट मिळविली. तेथें विल्यम बोल्कम यांच्यासारखे रचनाकार त्यांना गुरु लाभले. शिक्षण चालू असतां दोन पूर्वसूरींची उदाहरणें त्यांच्या डोळ्यांपुढें होतीं. एक हंगेरीचे बेला बार्टोक. १८८१ ते १९४५ हा त्यांचा काळ. विसाव्या शतकाच्या आरंभीं ते कोडाय या मित्रासह फोनोग्राफ घेऊन खेडोपाडीं हिंडले आणि शेतकऱ्यांचीं हजारों गाणीं त्यांनीं टिपून घेतलीं. दुसरे अर्जेंटिनाचे अल्बेर्तो हिनास्तेरा, जन्म १९१६, मृत्यु १९८३. आपल्या देशांतील गुराख्यांचे नाच आणि गिटारीचे स्वर त्यांनीं आधुनिक वाद्यवृंदांत आणले. या दोघांनीं लोकसंगीताचा उपयोग केवळ शोभेसाठीं केला नाहीं. लोकांच्या चाली वरवर उचलून त्यांना युरोपीय साज चढविण्याऐवजीं, त्या चालींच्या मुळाशीं असलेली स्वरांची आणि लयीची रीतिच त्यांनीं आपलीशी केली.

परंतु बार्टोक आणि फ्रँकबाई यांच्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बार्टोक ज्या मुलखांत फिरले तो त्यांचा स्वतःचा होता. फ्रँकबाईंचा जन्म, शिक्षण, सर्व कांहीं अमेरिकेंत. पेरूची पहिली ओळख झाली ती आईच्या द्वारें. पुढें मोठेपणीं आईला बरोबर घेऊन त्या पेरूला गेल्या, अँडीज पर्वतांतील गांवें त्यांनीं पाहिलीं, वाद्यें ऐकलीं, वाजविणाऱ्यांचे हात आणि ओठ न्याहाळले. म्हणजे त्यांचा वारसा त्यांना आयता मिळाला नाहीं; तो त्यांना जाऊन आणावा लागला. असा आणलेला वारसा खरा कीं उसना, ही शंका कोणीही घ्यावी. तिचें उत्तर त्यांच्या वंशवृक्षांत शोधून मिळणार नाहीं. तें त्यांच्या रचनांतच शोधलें पाहिजे.

त्यासाठीं प्रथम पेरूच्या संगीताची थोडी ओळख करून घेऊं. १५३२ सालीं पिझारोनें काहामार्का येथें इंका राजाला कैद केलें, आणि अँडीजच्या रांगांतून शेंकडों कोस पसरलेलें एक मोठें साम्राज्य स्पॅनिश लोकांच्या हातीं गेलें. त्यापूर्वीं त्या मुलखांत फुंकून वाजवावयाचीं वाद्यें आणि नगारे यांची समृद्ध परंपरा होती. तंतुवाद्यांची मात्र नव्हती. तारा स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. जिंकलेल्या लोकांनीं त्या तारा घेतल्या आणि त्यांचें आपलें असें कांहीं करून टाकलें. गिटारीच्या धर्तीवर त्यांनीं 'चारांगो' नांवाचें चिमुकलें वाद्य घडविलें. त्याला दोन दोन तारांच्या पांच जोड्या असतात, स्वर उंच आणि टणत्कारी असतो, आणि पूर्वीं त्याची पाठ खवल्यामांजरासारखें कवच असलेल्या आर्माडिलो नांवाच्या प्राण्याच्या पाठीची करीत. व्हायोलिन आणि हार्प यांचेंही तसेंच झालें. दक्षिण पेरूच्या पहाडांत हातांत कात्रीचीं पातीं खुळखुळवीत जो एक अवघड नाच करतात त्याची साथ व्हायोलिन आणि हार्प यांवरच होते. २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत या नाचाचा समावेश केला. परक्याचें वाद्य घरचें होणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. युरोपांतून आलेल्या ऑर्गन आणि हार्मोनियम यांच्या स्वरांवरच आपल्या संगीत नाटकांचीं पदें घरोघर पोंचलीं.

अशा मिश्रणाला स्पॅनिश भाषेंत 'मेस्तिसाहे' म्हणतात. मेस्तिसो म्हणजे गोऱ्या आणि मूळ रहिवासी अशा दोन रक्तांचा माणूस. आपल्या भाषेंत 'संकर' या शब्दाला गीतेच्या पहिल्या अध्यायापासून जसा दोषाचा वास चिकटलेला आहे, तसाच वसाहतीच्या काळांत मेस्तिसो या शब्दालाही हीनपणा चिकटलेला होता. गोरा वर, मेस्तिसो त्याच्या खालीं आणि मूळ रहिवासी त्याहून खालीं, अशी ती उतरंड होती. ती उलथून टाकून या शब्दाला नवा अर्थ देणाऱ्यांत पेरूचे लेखक व मानववंशशास्त्रज्ञ होसे मारिया आर्गेदास हे प्रमुख होत. १९११ सालीं जन्मलेले आर्गेदास बालपणींच आईला मुकले आणि सावत्र आईच्या घरीं नोकरांच्या सहवासांत वाढले. ते नोकर केचुआ भाषा बोलणारे. मालकाच्या मुलाला माया मिळाली ती स्वयंपाकघरांत, आणि भाषाही तीच मिळाली. १९५८ सालीं निघालेली त्यांची 'खोल नद्या' या अर्थाच्या नांवाची कादंबरी याच अनुभवावर उभी आहे. १९६९ सालीं ते वारले. त्यांचा विचार थोडक्यांत असा कीं, दोन संस्कृति एकत्र नांदूं शकतात, आणि एकीनें दुसरीला अंकित केल्याशिवाय नांदूं शकतात. फ्रँकबाईंनीं हाच विचार आपल्या संगीताचा पाया म्हणून घेतला.

विचार सुंदर आहे. पण संगीतांत तो सिद्ध कसा व्हावा? याचें उत्तर त्यांच्या 'लेयेंदास' या २००१ सालच्या रचनेंत सांपडतें. लेयेंदास म्हणजे दंतकथा. ही रचना तंतुवाद्यांच्या चौकडीसाठीं आहे. दोन व्हायोलिन, त्यांहून थोडी खर्जाची एक व्हायोला आणि बसून वाजविण्याचा मोठा चेलो, असा हा मेळ अठराव्या शतकांत हायडन यानें आकारास आणला आणि तेव्हांपासून युरोपीय संगीतांतील अत्यंत विद्वत्तेचा प्रकार म्हणून त्याची ख्याति आहे. दरबारी आदब, चौघांतील संभाषण, एकाही स्वराला लपावयास जागा नाहीं, अशी त्याची प्रकृति. अशा या चौकडीला फ्रँकबाईंनीं अँडीजच्या डोंगरावर नेलें आणि तिच्या सहा भागांपैकीं पहिल्या तिहींत तिला पांवा वाजवावयास लाविलें.

त्या डोंगरांतील पांवा आपल्या बासरीसारखा एका नळीचा नसतो. लहानमोठ्या लांबीच्या अनेक वेळूच्या नळ्या ओळीनें बांधतात. प्रत्येक नळीचा स्वर एकच. नळीच्या तोंडावरून आडवी फुंकर घालावयाची आणि स्वर बदलावयाचा तर नळी बदलावयाची. स्पॅनिश भाषेंत त्याला 'साम्पोन्या' म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठ्या जातीचें नांव 'तोयो'. त्याला छातीचा भाता लागतो, आणि स्वराबरोबर वाऱ्याचा घोघावही ऐकूं येतो. लेयेंदासचा पहिला भाग या तोयोच्या नांवाचा आहे. दुसऱ्या भागांत 'तार्का' हें वाद्य येतें. ती जड लांकडाची बासरी असून इतक्या जोरानें फुंकतात कीं स्वर फाटावा. आपल्याकडे फाटलेला स्वर म्हणजे दोष. तेथें तोच हवा असतो, कारण उघड्या माळावर, सणाच्या गर्दींत, तो दूरवर पोंचतो.

तोयो आणि तार्का हीं दोन्ही वाद्यें सहसा एकटीं वाजत नाहींत. लहानमोठ्या आकारांचीं वाद्यें घेऊन मंडळी तीच चाल एकदम वाजवितात. मोठें वाद्य षड्जावर असलें तर लहान वाद्य त्याच क्षणीं मध्यमावर किंवा पंचमावर असतें. आणि दोघेंही तेंच अंतर राखून बरोबर चढतात, बरोबर उतरतात. आतां युरोपीय संगीताच्या पाठ्यपुस्तकांत विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षीं जी चूक टाळावयास शिकवितात ती नेमकी हीच. दोन स्वरपंक्ति पंचमाचें अंतर राखून समांतर चालल्या कीं शिक्षक तांबड्या शाईनें खूण करतो, कारण त्यायोगें त्या दोन पंक्तींचें स्वातंत्र्य नाहींसें होतें. एका घराचा नियम तो दुसऱ्या घराचा दोष. फ्रँकबाईंनीं युरोपच्या सर्वांत विद्वान् मेळांत हा 'दोष' जाणूनबुजून आणला. डोंगरावरच्या संगीतानें चौकडीच्या दारांत जोडे काढले नाहींत. चौकडीनें आपला नियम बाजूस ठेवला. मेस्तिसाहे या शब्दाचा अर्थ येथें कानांनीं ऐकूं येतो.

तिसरा भाग याहूनही मनोवेधक आहे. साम्पोन्याच्या मेळांत नळ्यांचा संच दोघांत वांटलेला असतो. एकाकडे सा असला तर रे दुसऱ्याकडे, ग पुन्हां पहिल्याकडे. त्यामुळें कोणालाही एकट्याला चाल वाजवितां येत नाहीं. एकानें फुंकर घालावी, लगेच दुसऱ्यानें घालावी, आणि त्या देवघेवींतून चाल विणली जावी. यांत एक व्यावहारिक सोयही आहे. पर्वतावरील विरळ हवेंत सतत फुंकणाऱ्यास घेरी यावयाची. आळीपाळीनें फुंकलें म्हणजे श्वास घ्यावयास सवड मिळते. चौकडींतील वादक हीच वांटणी गजांनीं करतात. शिवाय साम्पोन्या भरपूर फुंकला म्हणजे मूळ स्वरावर त्याचेच वरचे स्वयंभू स्वर निनादूं लागतात. तंबोऱ्याच्या खर्जांतून गंधार आपोआप ऐकूं येतो, त्यांतलाच हा प्रकार. तो परिणाम साधण्यासाठीं फ्रँकबाईंनीं वादकांना एकाच गजानें दोन दोन तारा एकदम वाजवावयास लाविलें आहे. वाऱ्याचें वाद्य तारांवर बोलूं लागतें तें अशा युक्तीनें. यांत जादू कांहींच नाहीं; मूळ आवाज कशाचा बनला आहे याचा बारीक अभ्यास आहे.

चौथ्या भागांत 'चास्की' येतो. इंका राज्यांत घोडे नव्हते. निरोप पोंचविणारे धांवपटू टप्प्याटप्प्यावर उभे असत आणि एकानें आणलेला निरोप दुसरा पुढें नेई. धांवणाऱ्यानें ओझें हलकें ठेवावें, म्हणून फ्रँकबाईंनीं त्याच्या हातीं हलकी 'केना' बासरी आणि लहानगा चारांगो दिला आहे. चारांगो हें स्पॅनिश लोकांच्या नंतरचें वाद्य. तें इंका धांवपट्याच्या हातीं असणें शक्य नाहीं. रचनाकर्तीनेंही हें कल्पनेचें स्वातंत्र्य असल्याचें मोकळेपणानें सांगितलें आहे. त्या भागांत व्हायोलिनच्या तारा बोटांनीं छेडल्या जातात आणि पाऊलवाटेवरील खडे उडावेत तसे स्वर उडतात.

पांचवा भाग म्हणजे मयताच्या रात्रीचें गाणें. पैसे घेऊन रडणाऱ्या बाया अनेक देशांत असत; अँडीजमध्यें त्यांना 'योरोना' म्हणतात. एक योरोना सुरू करते, दुसरी तिला साथ देते, मागें बायांचा मेळा हुंदके भरतो. या बायांच्या तोंडीं केचुआ लोककथांतील वचनें आणि ख्रिस्ती विधींतील वचनें यांची सरमिसळ असते. म्हणून या भागांत युरोपांतील मध्ययुगीन 'दिएस् इरे' या न्यायदिनाच्या स्तोत्राची चाल मध्येंच डोकावून जाते. शोकाच्या वेळीं कोणतें वचन आपलें आणि कोणतें परक्याचें हें कोण निवडीत बसतो? ज्यानें दुःख हलकें होतें तें सर्वच आपलें. शेवटचा भाग मात्र प्रेमगीताचा. छानछोकीचे तरुण गात आहेत, मागें गिटारींचें वादळ उठलें आहे, अशा थाटांत रचना संपते.

हाच प्रयत्न त्यांनीं निरनिराळ्या मेळांतून केला आहे. २००० सालच्या 'सोनाटा अँडिना' या रचनेंत एकट्या पियानोकडून त्यांनीं बासऱ्या, चारांगो आणि नगारे यांचे आवाज काढवून घेतले. 'हिलोस' म्हणजे धागे. पेरूच्या विणकामास उद्देशून २०१० सालीं लिहिलेली ही रचना क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो या चौघांची आहे. २०१२ सालीं फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध वाद्यवृंदासाठीं त्यांनीं 'कोन्सर्तिनो कुस्केन्यो' रचलें. त्यांत कुस्को नगरींतील मेरीमातेचें एक केचुआ भाषेंतील जुनें स्तोत्र आणि बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराच्या व्हायोलिन कोन्चेर्तोच्या आरंभींचा नगाऱ्याचा छोटासा बोल, यांची त्यांनीं सांगड घातली. कुस्को इंकांची राजधानी, स्तोत्र ख्रिस्ती, भाषा जित लोकांची, आणि नगारा इंग्लंडचा. चौघे एका पंगतीस बसले आणि कोणी उपाशी उठलें नाहीं.

तथापि मिश्रण नेहमीं असें गोडीगुलाबीनें झालें, असें म्हणणें खोटें होईल. तें बहुधा तलवारीच्या धारेवर झालें, आणि फ्रँकबाई तें विसरलेल्या नाहींत. २०१७ सालीं ह्यूस्टन येथें प्रथम झालेल्या त्यांच्या 'काँक्वेस्ट रेक्विएम' या रचनेचा विषय मेक्सिकोची मालिंचे ही स्त्री आहे. रेक्विएम म्हणजे मृतांसाठीं करावयाची प्रार्थना. मालिंचे १५१९ सालीं कोर्तेस या स्पॅनिश सेनानीला दासी म्हणून दिली गेली. तिच्या अंगच्या भाषांच्या ज्ञानामुळें ती त्याची दुभाषी झाली, आणि तिच्या पोटीं त्याला मार्तिन नांवाचा पुत्र झाला. मेक्सिकोंत तिचें नांव देशद्रोहाचा शब्द होऊन बसलें. आणि तिचा पुत्र मात्र पहिल्या मेस्तिसोंपैकीं एक म्हणून ओळखला गेला. या रचनेंत लॅटिन प्रार्थना, मेक्सिकोंतील नाहुआ लोकांची वाणी आणि क्यूबांत जन्मलेले नाटककार निलो क्रूस यांचें स्पॅनिश काव्य हीं एकत्र येतात. जेत्याची प्रार्थना आणि जितांचा आक्रोश एकाच गायकवृंदाच्या मुखांतून निघतो. ज्या आईला लोक द्रोही म्हणतात आणि जिच्या लेंकरांचा वंश आपण आहों, तिच्यासाठीं रडावें कीं तिला दोष द्यावा? मिश्र रक्ताच्या प्रत्येक माणसापुढें हा प्रश्न उभा असतो, आणि ही रचना त्याचें सोपें उत्तर देत नाहीं.

निलो क्रूस यांच्याच संहितेवर त्यांनीं पहिला ऑपेराही लिहिला. ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच. मात्र त्यांत पदांच्या मधले संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. 'फ्रिदा आणि दिएगो यांचें अखेरचें स्वप्न' या अर्थाच्या नांवाचा हा स्पॅनिश ऑपेरा २०२२ च्या ऑक्टोबरांत सॅन दिएगो येथें प्रथम रंगभूमीवर आला आणि २०२३ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. फ्रिदा काहलो आणि दिएगो रिव्हेरा हे मेक्सिकोचे थोर चित्रकार पतिपत्नी. फ्रिदा १९५४ सालीं आणि दिएगो १९५७ सालीं वारला. मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या आरंभीं मृतांचा दिवस पाळतात. त्या दिवशीं पितर घरीं येतात अशी श्रद्धा आहे. ऑपेरांत वृद्ध दिएगो त्या दिवशीं फ्रिदाला परत बोलावतो, आणि जन्मभर देहाच्या वेदना भोगलेली फ्रिदा त्या देहाच्या जगांत पुन्हां यावयास नाखूष असते. ज्यांच्या घरीं पितृपक्षांत पान वाढतात त्यांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाहीं.

फ्रँकबाईंना मानसन्मान पुष्कळ मिळाले. २००९ सालीं लॅटिन ग्रॅमी पारितोषिक मिळालें, २०२० सालीं हाइन्स पुरस्कार मिळाला, आणि २०२१ पासून फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदानें त्यांना निवासी रचनाकार म्हणून बोलाविलें. परंतु त्यांच्या कामाची खरी पारख व्हावयाची ती कदाचित् दुसऱ्याच ठिकाणीं. २०१७ सालीं त्यांनीं उत्तर कॅलिफोर्नियांतील बूनव्हिल या लहानशा गांवीं नव्या रचनाकारांसाठीं एक विद्यालय काढलें. निरनिराळ्या वंशांचे, निरनिराळ्या परंपरांचे तरुण तेथें येतात. कच्चें लिहिलेलें संगीत नामवंत वादक त्यांना लगेच वाजवून दाखवितात. आणि कागदावर काय उतरलें, काय निसटलें, हें त्यांना आपल्या कानांनीं समजतें.

आणि कांहीं तरी निसटतेंच, हें येथें मान्य केलें पाहिजे. डोंगरावरील साम्पोन्यांचे जोड मुद्दाम एकमेकांपासून केसभर वेगळ्या सुरांत लावतात, म्हणजे त्यांच्या मिलाफांत एक थरथर उत्पन्न होते. ती थरथर पांच रेघांच्या कागदावर पुरती उतरत नाहीं. सणाचा माळ, थंडी, नाचणाऱ्यांच्या पायांची धूळ, यांपैकीं कांहींच उतरत नाहीं. लेयेंदास ऐकणें म्हणजे अँडीजमध्यें जाणें नव्हे. पण त्या पर्वताचें नांवही न ऐकलेले चार वादक कोठल्या तरी शहरांत तो कागद उघडतात, स्वर जुळवितात, आणि जें शिक्षकानें चूक म्हणून शिकविलें होतें तेंच मनापासून वाजवितात, एवढें तरी घडतें. त्यासाठीं त्यांना आपली संवय बदलावी लागते. वारसा उसना कीं खरा, याची कसोटी हीच मानावी. जो वारसा नुसता अंगावर मिरविला जातो त्यासाठीं कोणाला कांहीं बदलावें लागत नाहीं.

ज्यांना हें संगीत प्रथमच ऐकावयाचें असेल त्यांनीं लेयेंदासचा तिसरा भाग निवडावा. तो ऐकतांना चाल कोण वाजवीत आहे हें शोधण्याचा प्रयत्न करावा. पहिलें व्हायोलिन म्हणावें तर स्वर तुटतो. दुसरें म्हणावें तर तेंही मध्येंच थांबतें. थोड्या वेळानें ध्यानांत येतें कीं चाल कोणा एकाजवळ नाहींच, ती त्यांच्या मधल्या जागेंत आहे. पेरूची आई, लिथुएनियन ज्यू वंशाचे वडील, चिनी रक्ताचा एक धागा आणि कॅलिफोर्नियांतील बालपण, अशा घरांतून आलेल्या रचनाकर्तीला आपलें घराणें कोणतें असें कोणी विचारलें, तर या तिसऱ्या भागाकडे बोट दाखविणें पुरें होईल.